जेआरएफ ते व्हायवा: पेशीजीवशास्त्रातली पीएच.डी., कागदपत्रांसकट

संशोधन संस्थांच्या वार्षिक अहवालात मागच्या बाजूला विद्यार्थ्यांच्या यशाचं एक पान असतं. कुणाला एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली, कुणाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, कुणाला परदेशातल्या परिषदेसाठी अनुदान, कुणाला पीएच.डी. प्रदान. प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ. यातल्या बऱ्याच ओळींतून मी गेल्या सहा वर्षांत गेले. प्रयोग शिकवणारी माणसं भरपूर भेटली, पण या ओळींपर्यंत पोचायला किती महिने लागतात, पैसे आधी कुणाच्या खिशातून जातात आणि कुठला कागद कधी हातात असावा लागतो, हे मात्र प्रत्येक बॅच नव्यानं शोधत बसते. माझी पीएच.डी. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. आठवण ताजी आहे तोवर सगळं लिहून ठेवतेय.

माझी संस्था केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी आणि पीएच.डी.ची नोंदणी राज्यातल्या विद्यापीठात. अशी व्यवस्था असलेल्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायचं की आपली कार्यालयं दोन आहेत आणि ती एकमेकांशी आपोआप बोलत नाहीत. संस्थेनं दिलेली मुदतवाढ विद्यापीठाला कळत नाही, विद्यापीठाचं परिपत्रक संस्थेत पोचत नाही. मधला निरोप्या आपणच.

दुसरं, आपल्याला कुठले नियम लागू आहेत ते नोंदणीच्या तारखेवरून ठरतं. माझी नोंदणी २०२० च्या जानेवारीतली, म्हणून यूजीसीचे २०१६ चे नियम. त्यात प्रबंध देण्याआधी किमान १ शोधनिबंध आणि परिषदांमधली २ सादरीकरणं सक्तीची होती. ७ नोव्हेंबर २०२२ ला नवे नियम अधिसूचित झाले, त्यात ही सक्ती राहिली नाही. पण बरीच विद्यापीठं आणि संस्था स्वतःची अट ठेवून आहेत, त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नका. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश उतरवून घ्या आणि वाचा. वीसेक पानं असतात, एका संध्याकाळचं काम.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी नेट परीक्षेतून मिळालेल्या जेआरएफवर (कनिष्ठ संशोधन फेलोशिपवर) रुजू झाले. तेव्हा जेआरएफ महिन्याला ३१,००० रुपये आणि वर घरभाडेभत्ता अशी होती. रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकांची संमती, बँकेचा तपशील, संस्थेच्या प्रमुखांची सही असं सगळं वेळेत पाठवलं, तरी पहिली रक्कम खात्यात यायला हिवाळा उजाडला. मागची थकबाकी एकदम आली, पण तोवर घरभाडं द्यायचं असतंच. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की निदान चार-पाच महिन्यांची सोय करून या. फेलोशिप उशिरा येणं म्हणजे आपलं काही बिनसलं आहे असं नसतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री बरी झोप लागली असती.

कोर्सवर्कबद्दल सांगण्यासारखं फार नाही. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संशोधनातली नीतिमत्ता, एक विषयाचा पेपर. संख्याशास्त्र मात्र मन लावून करा, का ते पुढे येईल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही सगळ्या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवल्या आणि घरी गेलो. परत येऊन पेशी वितळवून, त्यांना पुन्हा रुळावर आणून कामाला लागेपर्यंत वर्ष सरत आलं होतं.

माझा विषय प्रायमरी सिलियम. आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक बारीक, न हलणारा केसासारखा अवयव असतो. बाहेरचे संकेत टिपण्याचं काम तो करतो, हेजहॉग नावाच्या संकेतासारखे महत्त्वाचे संकेत त्याच्यातूनच पेशीत उतरतात. पेशी विभाजनाकडे वळली की ती हा सिलियम आत घेते, कारण त्याच्या बुडाशी असलेली सेंट्रिओल नावाची रचना तिला विभाजनासाठी मोकळी हवी असते. सिलियम आत घेण्यात एका प्रथिनाचा हात आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. प्रयोग दिसायला सोपा. आरपीई-१ (माणसाच्या डोळ्यातल्या एका थरापासून वाढवलेल्या) पेशींना एक-दोन दिवस सीरमशिवाय, म्हणजे त्यांच्या खाद्यातल्या रक्तद्रवाशिवाय ठेवायचं, म्हणजे त्या विभाजन थांबवतात आणि सिलियम उगवतो. मग सीरम परत द्यायचं आणि ठरावीक वेळांनी पेशी फिक्स करून (रसायनानं आहे त्या स्थितीत थिजवून) किती पेशींवर सिलियम उरलाय ते मोजायचं. ते प्रथिन कमी केलं तर सिलियम जास्त वेळ टिकतो का, हे पाहायचं.

या कामासाठी दोन परवानग्या लागल्या. जनुकीय बदल केलेल्या पेशी आणि पेशीत जनुक पोचवणारे विषाणूवाहक वापरायचे असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते आणि ही समिती रोज बसत नाही. प्रयोगाचं नियोजन करण्याआधी पुढची बैठक कधी आहे ते विचारून अर्ज द्यावा. दुसरी म्हणजे खरेदी. एक अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारं रसायन) परदेशातून मागवायची होती. सरकारी निधीतून खरेदी करताना आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ती वस्तू मिळते का ते बघावं लागे, मिळत नसेल तर तसा अहवाल पोर्टलवरून काढून मागणीपत्राला जोडावा लागे. त्यानंतर दरपत्रक, एकच उत्पादक असल्याचा दाखला, लेखा विभाग, मग ऑर्डर. अशा अँटिबॉडीला आमच्याकडे अडीच ते तीन महिने लागत. २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांना या नियमांत सवलत मिळाली आहे, पण फाइल फिरायला वेळ लागतोच. कॅलेंडरवर अँटिबॉडीची ऑर्डर हा एक स्वतंत्र प्रयोग समजून लिहीत जा. सेल लाइन बाहेरच्या लॅबकडून उसनी घेण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या (एनसीसीएस) सेल रिपॉझिटरीसारख्या ठिकाणाहून रीतसर घेतलेली बरी. आणि मायकोप्लाझ्मा या पेशींत नकळत शिरणाऱ्या जिवाणूची तपासणी ठरावीक काळानं करून तारखेसह वहीत नोंदवा. पुढे शोधनिबंध पाठवताना पेशींचा उगम आणि ही तपासणी हमखास विचारली जाते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये जेआरएफची दोन वर्षं भरली. एसआरएफसाठी तीन जणांची समिती बसते: मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरच्या संस्थेतला एक तज्ज्ञ. तासाभराचं सादरीकरण, प्रगती अहवाल, समितीच्या सह्या. इथं खरी अडचण विज्ञानाची नसते, तिघांची एक तारीख जुळवण्याची असते. मी जूनमध्येच बाहेरच्या तज्ज्ञांना पत्र लिहिलं आणि सप्टेंबरमधली तारीख मिळाली. एसआरएफ तेव्हा ३५,००० होती. जून २०२३ मध्ये वाढीचा आदेश निघाला, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० झाली. त्या वाढीसाठी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी कित्येक महिने निवेदनं दिली होती, निदर्शनं केली होती. विद्यार्थ्यांच्या यशाच्या पानावर तीही ओळ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या दिवशी एकच प्रश्न लावून धरला. तुमचा एन किती? आमच्या लॅबमधल्या ताईनं मला सुरुवातीलाच बजावलं होतं, “तीनशे पेशी मोजल्यास म्हणून एन तीनशे होत नाही गं. तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्यानं पेशी लावून केलेस ना? मग एन तीन.” त्यामुळे उत्तर तयार होतं, पण त्या प्रश्नाचं वजन तेव्हा कळलं. एकाच डिशमधल्या शंभर पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांना तेच सीरम मिळालेलं असतं, तोच इन्क्युबेटर, त्याच दिवशीचा हात. प्रत्येक पेशीला स्वतंत्र प्रयोग धरलं तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगानं दिसण्याची शक्यता) हवी तितकी लहान करता येते आणि तिचा अर्थ काहीच राहत नाही. २०२० मध्ये जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीमध्ये सुपरप्लॉट नावाची आलेख काढायची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक पेशीचा ठिपका दिसतो, ठिपक्यांचा रंग कुठल्या दिवशीचा प्रयोग ते सांगतो आणि तुलना मात्र प्रत्येक प्रयोगाच्या सरासरीची होते. मी माझे सगळे आलेख तसेच काढले. काही परिणाम त्यात फिके पडले आणि दोन चित्रं मी स्वतःहून गाळली. जे उरलं त्यावर मी कुणाच्याही समोर उभी राहू शकत होते.

मोजणीसुद्धा आंधळी ठेवली. लॅबमधली एक मैत्रीण माझ्या सगळ्या प्रतिमांची नावं बदलून आकडे द्यायची, कुठला आकडा कुठल्या नमुन्याचा ही यादी तिच्याकडे. मोजून झालं की यादी उघडायची. सिलियम हा काही मायक्रोमीटर लांबीचा. तो आहे की नाही हे ठरवताना डोळा आपल्याला हवं ते बघतो. यासाठी वेगळा खर्च नाही, परवानगी नाही. मैत्रिणीसाठी आपणही तेच करायचं.

मार्च २०२२ मध्ये हस्तलिखित तयार झालं. आधी आम्ही ते बायोआर्काइव्हवर टाकलं. २०१३ पासून चालू असलेल्या या संग्रहात प्रीप्रिंट (जर्नलच्या परीक्षकांनी तपासण्याआधीचा निबंध) ठेवायला शुल्क नाही. प्राथमिक छाननी होऊन दोन-तीन दिवसांत ते दिसू लागतं, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि जर्नलच्या निर्णयाची वाट न पाहता फेलोशिपच्या अर्जात ते दाखवता येतं. मार्गदर्शकांशी लेखकांच्या क्रमाबद्दल आणि कुणी काय केलं याबद्दल आधीच, चित्रं बनवण्याच्या टप्प्यावर बोलून घ्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती चर्चा सगळ्यांना बसवून केली, त्यामुळे आमच्याकडे कुणाचं मन दुखावलं नाही. इतर ठिकाणी यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

पहिल्या जर्नलनं आठवड्याभरात, परीक्षकांकडे न पाठवताच परत केलं. त्या दिवशी वाईट वाटलं, पण संपादकाच्या टेबलावरून परत येणं ही या क्षेत्रातली रोजची गोष्ट आहे, आणि लवकर आलेला नकार महिने वाचवतो. दुसऱ्या जर्नलनं परीक्षकांकडे पाठवलं. उत्तर यायला उन्हाळा संपून पावसाळा सुरू झाला. तीन परीक्षक, सहा पानी टिपणं. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा आला. मॅडमनी सांगितलं की आज फक्त वाच, उत्तर उद्यापासून. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुद्द्यांचा तक्ता केला: कुठले प्रश्न मजकुरात बदल करून सुटतात, कुठल्यांना जुन्याच माहितीचं नवं विश्लेषण पुरतं, आणि कुठल्यांना नवा प्रयोग लागतो. सहा पानांतून नवे प्रयोग निघाले तीनच.

त्यातला मुख्य होता रेस्क्यूचा. प्रथिन कमी केल्यावर सिलियम टिकतो, हे दाखवलं होतं. पण कमी करण्यासाठी वापरलेला आरएनए दुसऱ्याच कुठल्या जनुकावर लागत नसेल कशावरून? त्यासाठी त्या आरएनएला न बधणारी जनुकाची आवृत्ती बनवायची, पेशीत घालायची आणि सिलियमचं वर्तन पूर्ववत होतं का ते बघायचं. परीक्षकाचं म्हणणं रास्त होतं. क्लोनिंग, मग स्थिर पेशी निवडणं, मग तीन स्वतंत्र फेऱ्या, आणि मध्ये ती अँटिबॉडी संपलेली. जर्नलनं दिलेली तीन महिन्यांची मुदत पुरणार नाही हे दिसताच संपादकांना साधा ईमेल लिहिला, काय चाललंय आणि किती वेळ लागेल. एका दिवसात मुदत वाढवून मिळाली. मागायला घाबरू नका.

चित्रांच्या बाबतीत एक तयारी फार उपयोगी पडली. सूक्ष्मदर्शकातून निघालेली मूळ फाइल, सीझेडआय असो वा एनडी-२, कधीही बदलायची नाही; तिची प्रत काढून काम करायचं. चकाकी किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण चित्राला सारखा, आणि तुलनेतल्या सर्व चित्रांना तोच. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीनं २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतल्या प्रतिमा तपासायला सुरुवात केली, आता अनेक जर्नलं ते करतात आणि वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीची) न कापलेली मूळ चित्रंही मागतात. आमच्याकडे ती मागितली तेव्हा सगळं फोल्डरमध्ये तारखेनिशी होतं. ज्यांना तीन वर्षांपूर्वीचा ब्लॉट शोधायला संगणक पालथे घालावे लागतात त्यांचे हाल मी बघितले आहेत.

मे २०२३ मध्ये निबंध स्वीकारला गेला. आनंद झालाच, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. खर्चाचं म्हणाल तर आम्ही वर्गणीवर चालणारा मार्ग निवडला, तिथं लेखकाला पैसे पडले नाहीत. सर्वांसाठी खुला ठेवायचा तर अनेक जर्नलांचं शुल्क लाखांच्या घरात जातं. प्रीप्रिंट असल्यामुळे निबंधाचा मजकूर तसाही कुणालाही वाचता येत होता.

इथं एका दादाबद्दल लिहिलंच पाहिजे. त्यानं दोन-अडीच वर्षं घालवून दाखवून दिलं की आधी प्रसिद्ध झालेला एक परिणाम आमच्या पेशींत, वेगवेगळ्या पद्धतींनी बघूनही, दिसत नाही. त्याची सगळी नियंत्रणं चोख होती. वार्षिक अहवालात त्याच्या नावापुढे त्या वर्षी काहीच नव्हतं. माझ्या दृष्टीनं ते आमच्या मजल्यावरचं त्या वर्षीचं सर्वांत मोलाचं काम होतं, कारण त्यामुळे माझ्यासह दोघींचे विषय चुकीच्या पायावर उभे राहायचे वाचले. असे निकाल कपाटात ठेवू नका. मायक्रोपब्लिकेशन बायॉलॉजीसारखी, एकाच प्रयोगाचा निकाल, नकारात्मक असला तरी, तपासून छापणारी जर्नलं आहेत. नाहीतर प्रीप्रिंट आहेच.

जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत माझं पोस्टर स्वीकारलं गेलं. परिषद सप्टेंबरअखेर. इथून पुढची धावपळ विज्ञानापेक्षा अवघड होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रवास अनुदानासाठी सरकारी योजना आहेत. तेव्हा एसईआरबी या केंद्राच्या संशोधन निधी मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास योजना होती, आता एसईआरबीच्या जागी एएनआरएफ आली आहे. सीएसआयआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाकडेही सोय आहे. भारत २०१६ पासून एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेच्या आंतरसरकारी मंडळाचा सहयोगी सदस्य असल्यानं दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये काही आठवडे जाऊन काम करण्याच्या एम्बोच्या अनुदानांसाठीही आपल्याला अर्ज करता येतो. अर्जाला स्वीकृतीचं पत्र, सारांश, मार्गदर्शकांचं शिफारसपत्र आणि संस्थेचं अग्रेषणपत्र (अर्ज पुढे पाठवत असल्याचं पत्र) लागलं. अग्रेषणपत्राला आमच्याकडे चार टेबलं. स्वीकृतीची वाट बघत असतानाच त्याचा मसुदा तयार ठेवला होता, म्हणून मुदतीत बसलं.

मंजुरी मिळाली तरी पैसे लगेच हाती येत नाहीत. माझ्या बाबतीत प्रवास करून आल्यावर बिलं सादर करायची आणि मग परतफेड, अशी अट होती. म्हणजे तिकीट, व्हिसा, विमा, नोंदणी शुल्क सगळं आधी भरायचं. माझं तिकीट ८०,००० रुपयांच्या घरात गेलं. संस्थेकडून प्रवासाची आगाऊ रक्कम मिळू शकते, ती मागितली आणि मिळाली. उरलेलं घरून घेतलं. बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही, पण प्रत्येकाच्या घरी हे शक्य नसतं, म्हणून परिषदेच्या आयोजकांना शुल्कमाफी आहे का हे अर्ज करतानाच विचारा. मी विचारलं आणि निम्मं शुल्क माफ झालं.

सरकारी पैशानं विमानप्रवास करायचा तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच घ्यावं लागतं. दुसऱ्या संकेतस्थळावर स्वस्त दिसलं म्हणून तिथून घेतलं तर परतफेड अडते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण अपॉइंटमेंट मिळायलाच पावसाळ्यात बराच वेळ गेला. अनुदानाच्या निर्णयाची वाट न बघता अपॉइंटमेंट घेऊन टाका. शुल्क तेव्हा ८० युरो होतं, जून २०२४ पासून ९० आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. फेलोशिप थकल्यामुळे माझ्या बँकेच्या उताऱ्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यावर संस्थेनं पत्र दिलं की प्रवासाचा खर्च अनुदानातून होणार आहे आणि परत आल्यावर मी याच संस्थेत काम करणार आहे. ते पत्र पुरलं. संस्थेची परदेश प्रवासाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, तिचा अर्ज सगळ्यांत आधी.

परिषदेत पोस्टरसमोर दोन तास सलग उभी होते. ज्यांचे निबंध वाचून मी हा विषय शिकले त्यांतल्या एक बाई आल्या, पंधरा मिनिटं थांबल्या आणि रेस्क्यूच्या प्रयोगासाठी बनवलेलं प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) मागितलं. परत आल्यावर ते पाठवायला साहित्य हस्तांतर करार लागला, त्यावर दोन्ही संस्थांच्या सह्या व्हायला नवं वर्ष उजाडलं. पण ते प्लाझ्मिड आज दुसऱ्या खंडातल्या एका लॅबमध्ये वापरलं जातंय. मला यातला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

बोर्डिंग पास जपून ठेवा, दोन्ही बाजूंच्या सगळ्या उड्डाणांचे, आणि उतरल्याबरोबर फोटो काढून ठेवा. परतफेडीच्या अर्जाला ते, तिकिटाचं बिल, व्हिसा आणि विम्याच्या पावत्या, परिषदेचं उपस्थिती प्रमाणपत्र आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) लागलं. पैसे फेब्रुवारीत आले. उपस्थिती प्रमाणपत्रावर पोस्टर सादर केल्याचा उल्लेख आहे ना, ते तिथंच तपासून घ्या. माझ्या सक्तीच्या दोन सादरीकरणांपैकी एक हे होतं. काही विद्यापीठं पोस्टर मानतात, काही तोंडी सादरीकरणच मागतात. आधी लेखी विचारलेलं बरं.

२०२४ मध्ये प्रबंध लिहायला बसले. लिहिण्याच्या सुट्टीची वाट बघू नका, ती मिळत नाही. सकाळी दोन तास लिहायचे आणि मग लॅबमध्ये, असं सात-आठ महिने चाललं. ऑक्टोबरमध्ये सल्लागार समितीपुढे प्रबंधपूर्व सादरीकरण झालं, मग सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रबंध.

साहित्यचोरीच्या तपासणीबद्दल नीट समजून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं, १० ते ४० मध्ये प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो. आपलाच प्रसिद्ध झालेला निबंध आणि प्रीप्रिंट प्रकरणांत वापरलेले असले की सॉफ्टवेअर ते साम्य दाखवतं. पहिल्या अहवालात आकडा बघून घाबरायला होतं. आपले निबंध वगळून दुसरा अहवाल काढायचा आणि हे काम विद्यार्थिनीचंच आहे असं मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र जोडायचं. चित्रं प्रबंधात पुन्हा छापायला जर्नलची परवानगी लागते का, हे त्यांच्या संकेतस्थळावर असतं. बहुतेक जर्नलं लेखकाला प्रबंधासाठी मुभा देतात, तरी ते पान छापून फाइलला लावा. शुल्क, छपाई आणि बांधणी मिळून मला सुमारे १५,००० रुपये लागले.

मग वाट बघणं. मार्गदर्शकांव्यतिरिक्त किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे प्रबंध जातो आणि मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असं नियम म्हणतो. मार्चपर्यंत काहीच हालचाल दिसेना तेव्हा मी विद्यापीठात गेले. खिडकीपलीकडच्या काकांनी नाव लिहिता लिहिता हात थांबवला. “ताई, नाव राहू द्या. आवक क्रमांक सांगा.” तो क्रमांक माझ्या फोनमध्ये होता. त्यांनी दोन मिनिटांत फाइल कुठल्या टेबलावर आहे ते सांगितलं: एका परीक्षकांनी नकार कळवला होता आणि पुढच्या नावाला पत्र जायचं राहिलं होतं. त्या आठवड्यात ते गेलं. दिलेल्या प्रत्येक कागदाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, आणि महिन्यातून एकदा स्वतः चौकशी करा. तोंडानं गोड राहून केलेली चौकशी कुणालाही त्रासाची वाटत नाही.

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, ऑगस्टअखेर झाली. पाऊण तास सादरीकरण, मग प्रश्न. बाहेरच्या परीक्षकांनी पुन्हा एनचा विषय काढला आणि मी आलेख दाखवला. एक प्रश्न असा आला की त्याचं उत्तर माझ्या माहितीत नव्हतं. ‘हे मी पाहिलेलं नाही, पाहायचं तर असा प्रयोग करीन’ एवढं म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली. मागच्या रांगेत आई-बाबा बसले होते. खुली व्हायवा असते, घरच्यांना बोलवा.

त्यानंतरचे कागद मोजके, पण महत्त्वाचे. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय संग्रहासाठी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी लागते. अधिसूचना निघाली की तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मिळतं. त्याच वेळी ‘यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी. प्रदान’ असं प्रमाणपत्र मागून घ्या, सहायक प्राध्यापकाच्या अर्जाला ते लागतं आणि नंतर त्यासाठी वेगळी फेरी पडते. संस्थेत ना-देय दाखला, वह्या जमा, आणि नायट्रोजनच्या टाकीतल्या प्रत्येक व्हायलची यादी: कुठली पेशी, कुठला पॅसेज (कितव्यांदा नव्यानं वाढवलेली), कुठला रॅक. माझी यादी आता एका प्रथम वर्षाच्या मुलीकडे आहे आणि ती त्यातल्या रेस्क्यूच्या पेशी वाढवतेय. पदवीदान समारंभाचा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो. त्याची मुदत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते, कुणी फोन करून सांगत नाही.